उजवी कळी

"ह्या पण नको," दिगू म्हणाला आणि त्याने लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं.

मी पडवीत काजूच्या बोंडूंच्या बिया पिरगाळून काढत बसले होते. हात रसाने चिकट, आणि जीभ तर माझी बारमाही सैल.

"मेल्या, तिसरा चेडू नाकारलंस," मी म्हटलं. "गावात बिनलग्नाचा आता कोण उरूक नाय. अजून काय अप्सरा होयी तुका?"

"आये, ही पोरगी बघूची गोष्ट नाय. शिक्षण असा ह्या."

"शिक्षण तर आणखी सोपा. मानपान नाय, रुसवे-फुगवे नाय. एक धर आणि बस."

त्याच्यासमोर सुनेने चहाचा कप ठेवला होता, त्याची साय सुरकुतून गेली तरी त्याने हात लावला नव्हता. माझा झिल दिगू पहिल्यापासून चहाचा भुकेला. पण त्या दिवसांत त्याच्यापुढचा चहा निवूनच जायचा. मला वाटायचं, काळजीने.

काळजी होतीच. केरकर शेटांच्या काजूच्या कारखान्यात दिगू मुकादम. टेबलावर बायका गर निवडतात, अख्खा एकीकडे, दुभंगलेली पाकळी दुसरीकडे, करपलेला तिसरीकडे. पण शेवटचा शब्द मुकादमाचा. त्याने मान हलवली की माल डब्यात. माझी सून रसिकाही त्याच टेबलावर बसायची. म्हणजे आमच्या घरची भाकरी दोन हातांनी यायची, पण यायची एकाच दारातून.

त्या वर्षी शेटांनी यंत्र मागवायचं ठरवलं. कॅमेऱ्याचं. गर पट्ट्यावरून पळणार आणि यंत्र एकेकाला बघून बाजूला उडवणार. पण यंत्र आलं की लगेच शहाणं नसतं म्हणे. त्याला आधी शिकवावं लागतं. शेटांनी दिगूला बोलावलं आणि सांगितलं, "मशीन लर्निंग शिकून घे. नेटवर अगदी नवशिक्यांसाठी कोर्स असतात. पहिला पाठ फुकट बघायला मिळतो. बघ, तुला पटेल तो निवड, नाव मी घालतो. गणपतीपर्यंत शिकलास तर यंत्र तुझ्या ताब्यात. नाहीतर कोल्हापूरहून माणूस आणीन, आणि मग मला मुकादमाची गरज राहणार नाही."

बोलणं गोड, पण सुरी ती सुरीच.

म्हणून रोज दुपारी कारखान्यातून आला की दिगू पडवीत लॅपटॉप उघडायचा आणि एकेका मास्तराचा पहिला पाठ लावायचा. मी दुसरी इयत्ता शिकलेली. मला त्यातलं काय कळणार? पण माणूस मला आवाजावरून कळतो. पहिली होती पुण्याची बाई. चुणचुणीत. पडद्यावर तांबडे-निळे ठिपके, रेघा, काजूच्या गरासारखी दिसणारी कसली कसली चित्रं. "इथे बघा, आता इथे बघा," असं ती बोट नाचवत सांगायची. मला आवडली. दिगू म्हणाला, "हिचा बोलणा पळता." दुसरा परदेशी साहेब. बोलणं इंग्रजी, पण खालून मराठी अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. "ह्येचो आवाज खटकता." तिसऱ्यात दोन पोरगे हसतखेळत फळ्यावर आकडे मांडायचे. त्यांना तर त्याने कारणही दिलं नाही. सोयरीक मोडणारी माणसं मी खूप बघितलीत. कारण जितकं फुसकं, तितकं खरं कारण खोल असतं. एवढं मला कळत होतं. पण कुठे खोल, ते कळत नव्हतं.

मग एका दुपारी त्याने चौथा लावला.

भिंतीपुढे खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा मास्तर. फळा नाही, चित्र नाही, काही नाही. आवाज म्हणजे चढावरची बैलगाडी. सावकाश म्हणाला, "समजा, तुमच्या घरात लहान मूल आहे. त्याला आंबा म्हणजे काय, हे तुम्ही कसं शिकवता? व्याख्या सांगता का? नाही. आंबा हातात देता आणि म्हणता, हा आंबा. मग पेरू देता. मूल म्हणतं, आंबा. तुम्ही म्हणता, नाही बाळा, हा पेरू."

दिगूने खुर्ची जवळ ओढली. मागे टेकला आणि डोळे मिटून ऐकायला लागला. मला वाटलं, झोपला.

मास्तर म्हणाला, "यंत्राला डोळे नसतात, बरं का. कॅमेरा असतो. पण कॅमेरा म्हणजे डोळा नव्हे. आपण सांगू तेवढंच त्याला कळतं. चुकेल, पुन्हा सांगा. परत चुकेल, परत सांगा. कंटाळायचं नाही."

दिगू हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"आये," तो म्हणाला, "ह्यो."

रसिका आतून पदराला हात पुसत आली. "ह्यो? अहो, ह्येका विचारता कोण? चार माणसांनी पण बघूक नाय ह्येका. शेटांच्या भाच्यान पुण्याच्या बायचा नाव घेतल्यान. थंय सगळा चित्रांत दाखवतत. ह्यो नुसतो कीर्तन करता."

"माका ह्येचाच कळता."

"तुमका कळान काय उपयोग? शेटांका काय सांगशात? भिंतीसमोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे शिकलंय म्हणान? उद्या यंत्र इला आणि तुम्ही उलटे पडलात तर दोघांनी खंय जावचा? माका पण टेबलावरसून उठवतले. यंत्र असताना निवडूक बायका कित्याक होये त्यांका?"

"माका ह्यो होयो, गो. बस."

"पण कित्याक? एक कारण सांगा."

त्याने तोच पाठ पुन्हा पहिल्यापासून लावला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मीही पुण्याच्या बाईकडचीच होते, पण घरात दोन तोंडं दोन दिशांना झाली की तिसरं तोंड उघडावं लागतं. आणि ते माझं.

"कौल लावया," मी म्हटलं.

आमच्या घरात विहीर कुठे खणायची ते कौलाने ठरलं. दिगूचं लग्न कौलाने. माझ्या घरच्या माणसाला, दिगूच्या बापसाला, शेवटी गोव्याच्या डॉक्टरकडे न्यायचं की नाही, तेही देवीलाच विचारलं होतं. देवीच्या शब्दापुढे आम्हा परबांच्या घरात दुसरा शब्द नाही.

"आये, देवीक मशीन लर्निंग काय म्हायत?" दिगू म्हणाला.

"आणि तुका काय म्हायत, मेल्या? तू पण नवशिकोच मा?"

रसिकासुद्धा हसली. दिगू नाही हसला. कौल लागतो मंगळवारी, कारखान्याच्या सुट्टीला. त्याने दोन-तीन मंगळवार टाळले. कधी डोकं दुखतं, कधी माल भरायचाय. शेवटी शेटांनी निरोप पाठवला की आता निवड नाहीतर राहू दे. तेव्हा तो कपडे करून निघाला.

देऊळ टेकाडावर. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. पायऱ्या चढताना त्याने माझं कोपर घट्ट धरलं. "तुझो पाय सरकात म्हणान," म्हणाला. मी तुळतुळीत शेवाळावरून पाण्याचे हंडे वाहिलेली बाई. पण पोरगा मायेने धरतोय म्हटल्यावर मी उगाच दोन ठिकाणी लंगडले.

गाभाऱ्यात बाबी गुरव होता. बाहेर खांबाला टेकून काशी राणीण नारळ घेऊन बसली होती. ही काशी कारखान्यात रसिकाच्या शेजारी बसते. तिच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचते.

आमच्याकडची रीत सांगते. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पिवळी कळी ओली करून चिकटवतात. गाऱ्हाणं घालून विचारतात. देवीच्या उजव्या हाताची कळी आधी पडली तर हो, डाव्या हाताची पडली तर नको. आणि पडली की गुरवाने तोंड उघडायचं नाही. गुरवाने कौल फिरवला असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून कौल मागणाऱ्यानेच बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, उजवी की डावी. मग नारळ.

बाबीने गाऱ्हाणं घातलं. "बाय माये, ह्यो परबांचो दिगंबर. ह्येका काय शिकूचा असा ता तुका म्हायत. त्या म्हाताऱ्या मास्तराकडे शिकाक जाव काय? होय तर उजवी दी, नाय तर डावी दी. लेकराक वाट दाखव."

समईच्या उजेडात पाषाण चमकत होता. आम्ही उभे. बराच वेळ काही हललं नाही. मग डाव्या खांद्यावरची कळी जराशी घसरली, थांबली आणि टपकन खाली आली. देवीच्या डाव्या पायाशी, पांढऱ्या तांदळांवर पिवळीजर्द. दारातल्या काशीलाही दिसेल अशी.

डावी. म्हणजे नको. मला बरंच वाटलं. पुण्याची बाई.

बाबीने खाकरून खूण केली. पडली, आता सांग.

आणि माझा दिगू छाती भरून म्हणाला, "उजवी!"

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आधी वाटलं, मेल्याने देवीसमोर खोटं बोलायचं धाडस केलं. पण खोटं बोलणारा माणूस पडलेली कळी चोरून बघतो. दिगूची नजर कळीवर नव्हती. उजव्या खांद्यावर नव्हती. देवीवरही नव्हती. ती समई आणि भिंत यांच्या मधोमध कुठेतरी होती, आणि तोंडावर हसू होतं.

असं बघणारं माणूस मी एकच बघितलं होतं. मी ताट वाढलं की दिगूचा बापूस असाच बघायचा. माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे. त्यानेही आधी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सायकल विकली. मग तिन्हीसांजेनंतर बाहेर पडणं सोडलं. मग पडवीच्या खांबापासून विहिरीपर्यंत मी दोरी बांधली, आणि मरेपर्यंत तो त्या दोरीला धरून चालला.

दिगूने शिमग्यात मोटारसायकल विकली होती. पाठीला धक्के बसतात म्हणाला होता.

माझं कोपर अजून त्याच्या हातात होतं.

बाबी माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड उघडायला लागलं. त्याच्या मागे काशी मान उंच करून तांदळांवरची कळी बघत होती.

"उजवीच हा, बाळा," मी म्हटलं. "देवीन होय म्हटल्यान. बाबी, बघतंस काय? नारळ फोड."

"काकी, पण कळी..."

"कळी मी बघितलंय. माझे डोळे शाबूत असत."

"अगे बाय," काशी उठून उभी राहिली, "ती तर डावी..."

मी पुढे झाले. गाभाऱ्याचा उंबरा ओलांडला, जो बाईमाणसाने ओलांडायचा नसतो, आणि ती कळी उचलून पदरात बांधली. मग वळले.

"काशी, तुझ्या डोळ्यांत फूल पडला काय गो? उजवा-डावा दिसणा नाय? मगे टेबलावर अख्खो आणि पाकळी कशी निवडतंस? केरकर शेटांच्या कानावर घालूक होया."

काशी जी खाली बसली ती बसलीच. बाबीने नारळ फोडला. पण त्यातलं खोबरं त्याने माझ्या हातावर ठेवलं नाही, पायरीवर ठेवलं. मी उचलून घेतलं.

उतरताना मी लंगडले नाही. फक्त प्रत्येक पायरीला पाय जरा आपटत गेले, म्हणजे त्याला पायरी कुठे ते ऐकू यावं. कळी मी व्हाळाच्या वाहत्या पाण्यात सोडून दिली.

दुपारी रसिका विहिरीवर होती. मी तिच्याजवळ गेले.

"आजपासून तो शिकाक बसलो की तू त्याच्या बाजूक बसायचा. पडद्यावर काय दिसता ता सांगायचा."

"कित्याक? ते काय..."

मी विहिरीच्या कठड्याच्या खुंटीकडे बघितलं. तिथे अजून जुन्या दोरीचा घासल्याचा वळ आहे. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याला तिने त्या दोरीला धरून चालताना बघितलं होतं.

तिने कळशी खाली ठेवली.

"माका वाटला, ते माझ्यावर रागावलेत," ती म्हणाली. "माझ्याकडे बघणतच नाय म्हणान. मी दोन महिने उगाच भांडतंय त्यांच्याशी."

गावात व्हायचं तेच झालं. परबिणीने झिलाच्या हट्टासाठी देवीचा कौल फिरवला. श्रावणात माझ्या हातची ओटी बाबीने घेतली नाही. बायका वाटेत पदर आवरून बाजूला व्हायच्या. होऊ देत. माझ्याबद्दल बोलत होत्या तोवर दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हत्या.

दिगू शिकला. म्हाताऱ्या मास्तराचा एकेक शब्द त्याने पाठ केला. रोज दुपारी मास्तर बोलायचा, दिगू डोळे मिटून ऐकायचा, आणि पडद्यावर काही करायचं आलं की रसिकाची बोटं चालायची. "आता फोटोंचे दोन ढीग कर," तो सांगायचा. "शिकवूक वेगळे, परीक्षेक वेगळे. परीक्षेचे यंत्राक आधी दाखवायचे नाय, नायतर ता पाठ करता, शिकणा नाय." तिने विचारायचं, त्याने समजवायचं. माझ्या दिगूला इतकं चांगलं शिकवता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झालेली ती दोघं तेव्हा मला नव्या नवरा-नवरीसारखी दिसायची. मी आत जाऊन भांडी आपटत बसायचे, कारण तसं काही बघितलं की माझे डोळे उगाच चुरचुरतात.

मध्ये एकदा त्याला कोल्हापूरला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिघंच गेलो, लग्नाला जातो सांगून. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा सुकत चाललाय, रक्तातून आलंय, यावर औषध नाही. घाट उतरताना दिगू एवढंच म्हणाला, "सुपारीच्या बागा इल्या काय? वास येता."

गणपतीच्या आधी यंत्र आलं. पुढचं मला रसिकाने सांगितलं.

यंत्राने पहिल्या दिवशी करपलेल्याला अख्खा म्हटलं आणि सावलीला पाकळी म्हटलं. सगळे हसले. दिगू शांतपणे बाजूला उभा राहून सांगत गेला, उजेड कमी-जास्त करा, असले फोटो आणखी घाला, ह्या चुका पुन्हा दाखवा. रसिका दाबत गेली. तिसऱ्या प्रहरापर्यंत यंत्राला समज आली. एकेक गर टकाटक आपापल्या जागी उडायला लागला. शेट खूश. सगळ्या बायका बघायला गोळा झालेल्या.

शेटांनी पट्ट्यावरून एक गर उचलला आणि दिगूसमोर धरला. "हा एक बघ. यंत्र म्हणतं करपलेला. मुकादम काय म्हणतो?"

दिगूने हात पुढे केला. गर त्याच्या नाकासमोर होता, आणि हात गेला शेटांच्या खांद्याकडे. तिथे त्याने चिमटीत हवा धरली.

यंत्र तेवढं चालू होतं.

शेट वाईट माणूस नव्हे. त्यांनी दिगूचा हात धरला, गर त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि हळूच विचारलं, "कधीपासून?"

"शिमग्याआधीपासून," दिगू म्हणाला. "बायकांनी निवडला त्याकाच मान हलवत होतंय." मग गरावरून अंगठा फिरवला. "अख्खो असा. करपलेलो की नाय, ता माका सांगूक येवचा नाय."

शेटांनी त्याला शेवटचा पगार दिला आणि रसिकाला यंत्रावर ठेवलं. दिगूच्या शेजारी बसून तिचं सगळं शिकून झालं होतं. निवडीचं टेबल उठलं. काशी राणीण आणि बाकीच्या बायका आपापल्या घरी बसल्या. जाताना काशी आमच्या दारावरून गेली. मीच तिला हाक मारून चहा पाजला.

त्या दिवशी लख्ख उजेडात, सगळ्या वाडीसमोर, रसिका नवऱ्याचा हात धरून त्याला घेऊन आली. मी पडवीच्या खांबाला नवी दोरी बांधत होते.

याला आता वर्षं झाली. रसिका अजून त्या यंत्रावर आहे, आता तर दुसऱ्या दोन कारखान्यांची यंत्रंही तीच शिकवते. संध्याकाळी येते तेव्हा तिच्या अंगाला काजूच्या तेलाचा वास असतो. दिगू तिच्या पावलांच्या आवाजावरून सांगतो, आज दमली की नाही. त्याला आता उजेड-काळोखही कळत नाही. दुपारी कधीकधी तो म्हाताऱ्या मास्तराचा तोच पहिला पाठ लावून बसतो. मास्तर मेला असेल एव्हाना, पण आवाज तसाच, चढावरच्या बैलगाडीचा. चुकेल, पुन्हा सांगा. कंटाळायचं नाही.

गेल्या काजूच्या हंगामात मी अशीच बोंडू घेऊन बसले होते. पाठ संपला. दिगूने चाचपत लॅपटॉप मिटला.

"आये, त्या दिसा कळी खंयची पडलेली?"

मी बी पिरगाळली. "उजवी, रे बाळा."

तो हसायला लागला. पोट धरून हसला.

"काय झाला हसूक?"

"जन्मल्यापासून तू माका मेल्या म्हणतंस, आये. 'बाळा' दोनच वेळा म्हटलंस. एकदा देवळात, आणि एकदा आता." तो थांबला. हसूही थांबलं. "थंयच कळला माका. डावी पडली म्हणान. आणि तुका कळला म्हणानसुद्धा."

खाली व्हाळाचा आवाज येत होता. विहिरीकडे जाणारी दोरी वाऱ्याने जराशी हलली.

मी हात पदराला पुसले. त्याच्यापुढचा कप उचलला आणि त्याच्या बोटांना कान लागेल असा ठेवला.

"चाय निवता, मेल्या," मी म्हटलं. "पी."